हब ‘लॉक’वर आहे, तरी चाक ओढत नाही : गृहीतक तपासायचं कसं?

मागच्या लेखानंतर एकच प्रश्न वेगवेगळ्या शब्दांत बऱ्याच जणांनी विचारला. शोधप्रस्तावात ‘गृहीतक’ या मथळ्याखाली नेमकं काय लिहायचं? आणि ते लिहिलं, तर पुढे तपासायचं कसं? पुस्तकातली व्याख्या सगळ्यांना पाठ असते, पण स्वतःच्या विषयावर आलं की हात थांबतो.

म्हणून आज व्याख्या बाजूला ठेवू आणि एक यंत्र समोर घेऊ: फोर-बाय-फोर जीपचा पुढचा ॲक्सल आणि त्याच्या दोन टोकांना असलेले लॉकिंग हब. तुमचा विषय मराठी साहित्य असो, मृदाशास्त्र असो की समाजकार्य, हा लेख शेवटपर्यंत वाचा. यात गाडीबद्दल जितकं आहे, तितकंच पुरावा म्हणजे काय याबद्दल आहे.

हेच उदाहरण का? आमचा शिरूर कासार तालुका एका बाजूला बालाघाटचे डोंगर आणि दुसऱ्या बाजूला सिंदफणेचं खोरं असा पसरलेला. डोंगराकडे मुरूम आणि खडक, नदीकडे काळी रानं. पावसाळ्यात वस्तीपासून डांबरी रस्त्यापर्यंतचा पाणंद रस्ता हा एखाद-दोन किलोमीटरचा तुकडा असतो, पण तेवढाच गाडीला पुरून उरतो. परतीचा पाऊस लांबला आणि ऊसतोडीला माणसं बाहेर पडली, की वस्तीवर म्हातारी माणसं आणि लेकरं उरतात. अशा वेळी रात्री कुणाला दवाखान्यात न्यायचं झालं, तर पुढची चाकं ओढतात की नाही हा तांत्रिक प्रश्न राहत नाही. आणि हा बिघाड लबाड असतो. आठ महिने कोरड्या रस्त्यावर तो दिसतच नाही; ज्या दिवशी गरज पडते, त्याच दिवशी कळतो.

आधी रचना

आपण इथे जुन्या पद्धतीची, म्हणजे ‘पार्ट-टाइम’ फोर-बाय-फोर गाडी धरून चालू. इंजिनची ताकद गिअरबॉक्समधून ट्रान्सफर केसमध्ये येते. तिथून मागच्या ॲक्सलला ती कायम जाते. पुढच्या ॲक्सलला मात्र लिव्हर ‘टू-एच’वरून ‘फोर-एच’ किंवा ‘फोर-एल’वर टाकल्यावरच. पुढे साखळी अशी: पुढचा प्रॉपेलर शाफ्ट, डिफरन्शियल, दोन्ही बाजूंचे ॲक्सल शाफ्ट, चाक वळतं तिथे नकलमधला जॉइंट, आणि शेवटी हब.

लॉकिंग हब हा शाफ्ट आणि चाक यांच्यामधला जोड. डायल ‘फ्री’वर असेल तर चाक आपल्या बेअरिंगवर मोकळं फिरतं, आतला शाफ्ट स्थिर राहू शकतो. ‘लॉक’वर केली की आतली दातेरी कडी सरकते आणि शाफ्ट व चाक एकजीव होतात. अमेरिकेत आर्थर वॉर्न यांनी 1948 साली असे हब बाजारात आणले. दुसऱ्या महायुद्धानंतर लष्कराच्या जीपगाड्या सामान्य लोकांच्या हाती आल्या होत्या. साध्या रस्त्यावर पुढचा सगळा पसारा विनाकारण फिरत राहू नये, हा त्यामागचा हेतू. आपल्याकडे महिंद्राने त्याच दशकाच्या अखेरीस मुंबईत विलीज जीपची जुळणी सुरू केली, आणि 1985 च्या अखेरीस मारुतीची जिप्सी आली. या दोन घराण्यांच्या गाड्या मराठवाड्यातल्या गॅरेजांनी पिढ्यानपिढ्या उघडल्या-मिटल्या आहेत. शेजारच्या अहिल्यानगरला (पूर्वीचं अहमदनगर) तर लष्करी वाहनांवर काम करणारी डीआरडीओची व्हीआरडीई ही प्रयोगशाळाच आहे.

काही गाड्यांत हब आपोआप लॉक होतात, काहींत हवेच्या किंवा व्हॅक्यूमच्या नळीने. तिथे तपासायच्या जागा वाढतात, विचाराची पद्धत तीच राहते. आपण हाताने फिरवायच्या हबवरच थांबू.

डायल म्हणजे हब नव्हे

तक्रार अशी येते: ‘हब लॉक केलं, लिव्हर फोर-एचवर टाकली, तरी गाडी चिखलात मागच्याच चाकांवर रडते.’

या वाक्यात प्रत्यक्ष पाहिलेली गोष्ट किती आणि मानलेली किती, ते वेगळं करा. डायल ‘लॉक’वर फिरवली, हे पाहिलेलं. हब आतून लॉक झालं, हे मानलेलं. डायल म्हणजे फक्त बाहेरची खूण. आत ग्रीस घट्ट झालं असेल किंवा स्प्रिंग दमली असेल, तर डायल फिरते आणि कडी जागची हलत नाही. डॅशबोर्डवरच्या ‘फोर-डब्ल्यू-डी’ दिव्याचंही तेच. त्याचा स्विच साधारणपणे ट्रान्सफर केसवर असतो. दिवा लागला म्हणजे तिथली जोडणी झाली इतकंच; चाकापर्यंत ताकद पोचली, याची ग्वाही तो देत नाही.

संशोधनात आपण सतत अशाच डायली वाचत असतो. ‘विद्यार्थ्यांची गोडी’ मोजायला हजेरीपट घेतो, ‘गरिबी’ मोजायला रेशनकार्डाचा रंग घेतो. हजेरी ही डायल आहे, गोडी हे हब आहे. दोन्ही बहुतेक वेळा सोबत फिरतात. पण ज्या ठिकाणी ती सोबत फिरत नाहीत, नेमकं तिथेच तुमचं संशोधन असतं. म्हणून प्रस्तावात लिहिताना स्वतःला विचारा: मी जे मोजणार आहे आणि मला जे म्हणायचं आहे, यांच्यामध्ये किती सांधे आहेत? त्यातला कुठला निखळू शकतो?

एकाच संशयिताच्या प्रेमात पडू नका

आता संशयितांची यादी करू.

1. लिव्हर आणि तिची जोडणी
2. ट्रान्सफर केसच्या आतला भाग
3. पुढचा प्रॉपेलर शाफ्ट
4. डिफरन्शियल (क्राउन-पिनियन आणि आतले छोटे गिअर)
5. ॲक्सल शाफ्ट
6. नकलमधले जॉइंट
7. हब

ही यादी कागदावर का लिहायची? कारण माणसाला पहिलं सुचलेलं कारण पोटच्या पोरासारखं वाटायला लागतं. टी. सी. चेंबरलिन या अमेरिकन भूशास्त्रज्ञाने 1890 साली ‘सायन्स’मध्ये याच दुखण्यावर लेख लिहिला होता. त्याचा उपाय साधा होता: एकच गृहीतक पोसू नका, अनेक गृहीतकं एकाच वेळी मनात ठेवा, म्हणजे कुठल्याच एकावर आंधळं प्रेम बसणार नाही.

गॅरेजमध्ये हे रोज दिसतं. ज्या मिस्त्रीचा हात ट्रान्सफर केसवर बसलेला असतो, त्याला दोष ट्रान्सफर केसमध्येच दिसतो. विद्यापीठातही काही वेगळं नाही. ज्याला सर्वेक्षण येतं, त्याचा प्रत्येक प्रश्न प्रश्नावलीनेच सुटतो.

साखळी मधोमध तोडा

सात संशयित आहेत. एकामागून एक तपासत गेलात, तर सहा चाचण्या लागू शकतात. पण प्रत्येक चाचणीने यादी अर्धी करता आली, तर तीन चाचण्या पुरतात, कारण दोनाचा तिसरा घात आठ. म्हणून पहिली चाचणी अशी निवडायची, की उत्तर काहीही आलं तरी निम्मी यादी गळेल. शिवाय ती स्वस्त हवी. जिच्यासाठी काहीच उघडावं लागत नाही, ती सर्वांत आधी.

पहिली चाचणी. गाडी सपाट जागेवर, मागच्या चाकांना दोन्हीकडून दगड किंवा ठोकळे, इंजिन बंद, किल्ली खिशात. दोन्ही हब फ्री. लिव्हर टू-एचवर ठेवून पुढचा प्रॉपेलर शाफ्ट हाताने फिरवा. तो फिरायला हवा. आता गाडी गिअरमध्ये घाला, लिव्हर फोर-एचवर टाका आणि पुन्हा फिरवा. आता तो थोडा खुळखुळेल, पण फिरणार नाही. (दात समोरासमोर आले नसतील तर लिव्हर पूर्ण बसत नाही, शाफ्ट जरासा हलवून पुन्हा टाका.)

फोर-एचवरही शाफ्ट मोकळा फिरत असेल, तर दोष पहिल्या दोन संशयितांत आहे. तिथेच थांबा, पुढे जायची गरज नाही. शाफ्ट अडला, तर ते दोघे निदान हाताच्या जोरापुरते सुटले.

दुसरी चाचणी. पुढची दोन्ही चाकं उचलून ॲक्सल भक्कम स्टँडवर ठेवा. नुसत्या जॅकवर विसंबू नका. मागची चाकं जमिनीवर आणि ठोकळ्यांत. दोन्ही हब लॉक, लिव्हर फोर-एच, गाडी गिअरमध्ये. इंजिन बंदच राहील. फोर-एचमध्ये इंजिन चालू झालं तर मागची चाकं गाडी स्टँडवरून खाली ओढतील. आता डावं चाक हाताने पुढे फिरवा. उजवं चाक तेवढंच मागे फिरलं पाहिजे.

असं का? फोर-एचमुळे प्रॉपेलर शाफ्ट धरलेला आहे, म्हणून डिफरन्शियलची पेटी फिरू शकत नाही. मग एका बाजूची गती आतल्या छोट्या गिअरमधून उलटी होऊन दुसऱ्या बाजूला जाते. उजवं चाक उलटं फिरलं, याचा अर्थ डावा हब, डावा जॉइंट, डावा शाफ्ट, डिफरन्शियलचे आतले गिअर, उजवा शाफ्ट, उजवा जॉइंट आणि उजवा हब अशी सगळी साखळी जोडलेली आहे. हाताच्या एका हिसक्यात किती गोष्टी सिद्ध झाल्या बघा!

आणि डावं फिरलं, उजवं ढिम्म राहिलं तर? साखळी कुठेतरी तुटलेली आहे. पण कुठे?

डिफरन्शियल माहिती मिसळून टाकतो

इथे बऱ्याच जणांची गाडी अडते. साधा, म्हणजे ओपन डिफरन्शियल दोन्ही बाजूंना सारखाच टॉर्क देतो. एका बाजूला काहीच विरोध नसेल, तर तिथला शाफ्ट मोकळा गरगरतो आणि दुसऱ्या बाजूलाही जवळपास शून्यच मिळतं. म्हणजे एकच हब लॉक झालं नाही, तरी दोन्ही चाकं ओढणं सोडतात. उजवा हब निकामी, आणि चिखलात डावं चाकही मेल्यासारखं. बाहेरून पाहणाऱ्याला वाटतं, अख्खा ॲक्सलच गेला.

यामुळे प्रॉपेलर शाफ्टकडून केलेली कुठलीही चाचणी ‘दोष डावीकडे की उजवीकडे’ हे सांगू शकत नाही. दोन बाजूंची माहिती डिफरन्शियलमध्ये आधीच मिसळलेली असते. तालुक्याच्या सरासरी उत्पन्नावरून दोन गावांतला फरक कळत नाही, तसंच. मिसळण झाल्यावर कितीही बारकाईने मोजा, वेगळं होणार नाही. मोजमाप मिसळण्याच्या आधी, प्रत्येक बाजूला जाऊन करावं लागतं.

तिसरी चाचणी. पुढची चाकं उचललेलीच. लिव्हर टू-एच. डावा हब फ्री करून चाक फिरवा आणि हाताला किती ओढ लागते, आतून कसला आवाज येतो, याकडे लक्ष द्या. मग तोच हब लॉक करून तेच चाक फिरवा. हब खरंच लॉक होत असेल, तर फरक लगेच जाणवतो: शाफ्ट आणि डिफरन्शियल सोबत फिरल्याचा जडपणा, आत तेल ढवळल्याचा आवाज. काहीच फरक पडला नाही, तर तो हब लॉक होतच नाहीये. मग उजवीकडे हेच. ज्या गाड्यांत जॉइंट उघडा दिसतो, तिथे मागून बॅटरी मारून जॉइंट फिरतो का तेही पाहा.

चाक तेच, हात तोच, बदललं फक्त हबचं स्थान. संशोधनात याला आपण ‘नियंत्रण’ म्हणतो. डाव्या चाकाची तुलना उजव्याशी केली असती, तर बेअरिंगचा घट्टपणा आणि घासणारा ब्रेक यांचाही फरक मध्ये आला असता. इथे प्रत्येक चाक स्वतःशीच ताडलं जातंय.

उलट दिशेची एक खबरदारीही घ्या. हब फ्री असताना शाफ्ट चाकासोबत थोडा फिरला, म्हणून ‘हब लॉकमध्ये अडकलंय’ असा निष्कर्ष काढू नका. ग्रीसच्या चिकटपणानेही मोकळा शाफ्ट ओढला जातो. शाफ्ट धरून ठेवा आणि चाक फिरवून पाहा. चाक फिरलं, तर हब फ्रीच आहे.

एक-एक बदलून पाहण्याचा सापळा

आता प्रत्यक्ष पाहिलेलं एक प्रकरण सांगतो. वस्तीवरची जुनी जीप, तक्रार वर दिली तीच. एका गॅरेजमध्ये आधी ट्रान्सफर केस उघडून झाली. काही सापडलं नाही. मग डावा हब संशयित ठरला. दुसऱ्या गाडीचा चांगला हब आणून तो डावीकडे बसवला. गाडी चिखलात नेली, फरक शून्य. म्हणून डावा हब निर्दोष ठरवून जुनाच परत बसवला. नंतर उजवीकडे तोच चांगला हब लावून पाहिला. पुन्हा फरक शून्य. निष्कर्ष निघाला, की हबांचा दोष नाही, डिफरन्शियल उघडावं लागेल.

तर्क ऐकायला अगदी शास्त्रशुद्ध वाटतो. एका वेळी एकच गोष्ट बदलली, बाकी सगळं तसंच ठेवलं. शाळेपासून आपल्याला हेच शिकवतात. मग घोळ कुठे आहे?

चारही शक्यता मांडून पाहा.

- डावा चांगला, उजवा चांगला: गाडी ओढते
- डावा चांगला, उजवा खराब: ओढत नाही
- डावा खराब, उजवा चांगला: ओढत नाही
- डावा खराब, उजवा खराब: ओढत नाही

गाडी चौथ्या ओळीत होती. डावा बदलला तर ती दुसऱ्या ओळीत जाते, उजवा बदलला तर तिसऱ्या ओळीत. दोन्हीकडे उत्तर एकच: ओढत नाही. पहिली ओळ गाठायला दोन्ही एकदम बदलायला हवे होते. मधोमध तोडण्याची युक्तीसुद्धा ‘दोष एकच आहे’ हे गुपचूप मानून चालते, आणि इथे दोष दोन होते.

तिसरी चाचणी केल्यावर पंधरा मिनिटांत चित्र स्पष्ट झालं. दोन्ही बाजूंना फ्री आणि लॉकमध्ये हाताला काहीच फरक लागत नव्हता. हब उघडले, तर आत चिखलपाण्यात कालवलेलं राखाडी ग्रीस, वर बेअरिंगचं जाड ग्रीस ठासून भरलेलं. कडीला सरकायला जागाच नव्हती. डिझेलने धुऊन, पुसून, हलका हात ग्रीस लावून, नवीन गॅस्केट घालून दोन्ही बसवले. दुसरी चाचणी पुन्हा केली: डावं पुढे, उजवं मागे. डिफरन्शियल उघडण्याचा खर्च वाचला.

‘एका वेळी एकच घटक बदला’ हा नियम चुकीचा नाही, अपुरा आहे. परिणाम दोन घटकांच्या संगतीवर अवलंबून असेल, तर तो नियम आंधळा होतो. रोनाल्ड फिशर यांनी 1935 च्या ‘द डिझाइन ऑफ एक्स्पेरिमेंट्स’ या पुस्तकात घटक एकत्र बदलून पाहण्याच्या रचनेची बाजू मांडली, ती यासाठीही. शेतीतलंच बघा. नत्र दिलं, पाणी नाही: पीक तसंच. पाणी दिलं, नत्र नाही: पीक तसंच. यावरून ‘दोन्ही निरुपयोगी’ असं कुणी म्हटलं, तर शेतकरी हसेल. मात्र शोधनिबंधात असंच वाक्य ‘घटकाचा लक्षणीय परिणाम आढळला नाही’ असे कपडे घालून येतं, तेव्हा आपण मान डोलावतो.

आवाजाचा प्रयोग: चार स्थिती

हीच रचना वापरून दुसरी तक्रार सोडवू. ‘पुढून घरघर आवाज येतो.’ आपल्याकडे दोन घटक आहेत, हब (फ्री किंवा लॉक) आणि लिव्हर (टू-एच किंवा फोर-एच). दोन गुणिले दोन, चार स्थिती. प्रत्येकात काय फिरतं आणि कशावर भार येतो, ते पाहा.

- फ्री, टू-एच: फक्त चाकं, त्यांची बेअरिंग, ब्रेक, टायर. आवाज इथेच असेल, तर ॲक्सलच्या आत बघायचं कारण नाही.
- लॉक, टू-एच: चाकांमुळे शाफ्ट, जॉइंट, डिफरन्शियल, प्रॉपेलर शाफ्ट फिरतात, पण भार नाही.
- फ्री, फोर-एच: तोच पसारा आता इंजिनकडून फिरतो, तोही भाराविना. ट्रान्सफर केसमधली पुढची जोडणी मात्र आता गुंतलेली असते.
- लॉक, फोर-एच: सगळं फिरतं आणि सगळ्यावर भार. ही स्थिती फक्त ओल्या किंवा भुसभुशीत जमिनीवर घ्यायची.

आता तुलना करा. पहिलीत नाही पण दुसरीत आवाज आला, तर फिरणाऱ्या पसाऱ्यात काहीतरी आहे. दुसरीत नाही पण तिसरीत आला, तर संशय ट्रान्सफर केसच्या जोडणीकडे, कारण या दोन स्थितींतला मुख्य फरक तोच. पहिल्या तिन्हींत नाही आणि फक्त चौथीत आला, तर भाराखालीच बोलणारा भाग शोधा: झिजलेला जॉइंट, क्राउन-पिनियन.

वेग आणि रस्त्याचा तुकडा चारही वेळा एकच ठेवा. जमलं तर ऐकणाऱ्याला लिव्हर कुठे आहे ते सांगू नका. ज्याला उत्तर आधीच माहीत असतं, त्याच्या कानाला हवा तो आवाज ऐकू येतो.

चाचणीची हद्द ओळखा

प्रत्येक चाचणी काय सांगत नाही, हेही लिहून ठेवायचं. हाताने फिरवल्यावर ट्रान्सफर केस पास झाली. पण खाच झिजलेली असेल, तर चढावर भार आल्यावर लिव्हर आपोआप सुटू शकते. हात तेवढा भार देऊच शकत नाही. प्रयोगशाळेत पास आणि रानात नापास, याचं कारण बहुतेक वेळा इथे असतं.

तसंच जमिनीचं. काही जण फोर-एच चालते का हे डांबरी रस्त्यावर वळून बघतात. हिशेब करू. पुढच्या-मागच्या चाकांतलं अंतर 2.4 मीटर, आणि मागच्या ॲक्सलचा मध्य 6 मीटर त्रिज्येच्या वर्तुळावर. मग पुढच्या ॲक्सलचा मध्य 6 चा वर्ग अधिक 2.4 चा वर्ग, याच्या वर्गमुळाएवढ्या, म्हणजे सुमारे 6.46 मीटर त्रिज्येवर. काटकोनात वळताना मागचा 9.42 मीटर जातो, पुढचा 10.15 मीटर. फरक 73 सेंटिमीटर, म्हणजे टायरचा साधारण एक-तृतीयांश फेरा. या गाड्यांत पुढच्या-मागच्या ॲक्सलमध्ये वेगळा डिफरन्शियल नसतो, त्यामुळे हा फरक टायर घासूनच भरून निघतो. चिखलात टायर सहज सरकतो. कोरड्या डांबरावर सरकत नाही. शाफ्टमध्ये पीळ बसतो, स्टिअरिंग जड होतं, लिव्हर निघत नाही. मग निरोगी गाडीलाच रोगी ठरवलं जातं.

पुढे-मागे वेगवेगळ्या झिजेचे टायर असतील, तर सरळ जातानाही हे होतं. घेरात 2 टक्के फरक म्हणजे किलोमीटरमागे 20 मीटरची ओढाताण. ‘ट्रान्सफर केस अडकते’ या तक्रारीचं मूळ कधीकधी टायरच्या दुकानात असतं.

कारणामागचं कारण

हब धुतले, गाडी ओढू लागली. संशोधन इथे संपलं का? हबमध्ये पाणी गेलं कसं, हा प्रश्न अजून उभाच आहे. तापलेली गाडी ओढ्यात घातली, की हब आणि ॲक्सलमधली हवा एकदम गार होऊन आकसते आणि जुन्या सीलमधून पाणी आत ओढते. ॲक्सलला यासाठीच श्वासनळी, म्हणजे ब्रीदर असतो. तो मातीने बुजला, तर गरम असताना आतला दाब सीलमधून तेल बाहेर ढकलतो आणि गार झाल्यावर तीच वाट पाण्याला मिळते. म्हणून हब साफ करताना ब्रीदर, सील आणि गॅस्केट पाहिले नाहीत, तर पुढच्या पावसाळ्यात तोच खेळ. शिवाय महिन्यातून एकदा ओल्या किंवा मुरमाड जागेवर हब लॉक करून, फोर-एच टाकून थोडं चालवावं. न वापरलेला भाग बिघडला तरी सांगत नाही.

तुमच्या प्रस्तावासाठी

आता मूळ प्रश्नाकडे. ‘गृहीतक’ या मथळ्याखाली चार गोष्टी लिहा. एक, माझं म्हणणं काय आणि त्याचे निदान दोन प्रतिस्पर्धी कोणते. दोन, कुठलं निरीक्षण आलं तर माझं म्हणणं पडेल. कार्ल पॉपर यांनी 1934 पासून लावून धरलेला मुद्दा हाच: जे कशानेच पडू शकत नाही, ते गृहीतक नव्हे. तीन, मी मोजतोय ती डायल की हब. चार, माझी चाचणी ‘दोष एकच आहे’ असं काही न सांगता मानते का.

‘ग्रामीण भागातील विद्यार्थ्यांच्या गळतीचा अभ्यास’ हा विषय झाला, गृहीतक नाही. ‘गळती शाळेच्या अंतरामुळे होते, तसं असेल तर अंतर कमी पण स्थलांतर जास्त असलेल्या गावांत गळती कमी दिसेल, तिथेही ती जास्त दिसली तर माझं म्हणणं चुकलं’, हे गृहीतक. यात चाक हाताने फिरवून बघता येतं. आणि अंतर व स्थलांतर ही दोन्ही कारणं एकत्रच काम करत असतील, तर चारही तऱ्हेची गावं नमुन्यात लागतील: जवळ-दूर, स्थलांतर कमी-जास्त. नाहीतर जीपच्या दोन हबांसारखं होईल.

जाता जाता एक सराव. गाडीत फ्री टू-एच, लॉक टू-एच, फ्री फोर-एच या तिन्हींत आवाज नाही. लॉक फोर-एचमध्ये स्टिअरिंग पूर्ण वळवल्यावर ‘कट कट’ येतो. संशयित कोण?

‘नकलमधला जॉइंट’ असं म्हणाला असाल, तर बरोबर दिशेने आहात. भार आणि कोन एकत्र आल्यावर तोच बोलतो. पण जॉइंट मागवण्याआधी एक विचारा: ही चाचणी डांबरावर घेतली की ओल्या रानात? डांबरावर घेतली असेल, तर आधी रानात जाऊन पुन्हा घ्या.